जपान्या तात्यांची फळी

जपान्या तात्या गिऱ्हाइकाचं तोंड बघायचे नाहीत, भुरका ऐकायचे. पाठ आमच्याकडे, तोंड चुलीकडे आणि कान फळीवर. कुणी मुकाट्यानं खात असला की पाठमोरेच दरडावायचे, "कोण रं त्यो चोरून खातोय? आवाज काढ की! मयताला आलायस व्हय?"

वडूजच्या स्टँडामागं त्यांची खोपटी होती. आत एक चूल, चुलीसमोर एक लांब फळी, आणि फळीवर कोपराला कोपर लावून बसलेली पाच-सहा माणसं. त्यापुढं जो येईल त्यानं खाणाऱ्यांच्या मानेवर श्वास सोडत उभं राहायचं. मिळायचं एकच: बोकडाच्या हाडांचा पहाटेपासून उकळलेला आळणी रस्सा आणि त्यात खपली गव्हाच्या शेवया. तिखट ज्याचं त्यानं घालावं. शेवया दुधागुळात खाणाऱ्या आमच्या मुलखात हा निव्वळ अधर्म होता. नवं माणूस नाक मुरडायचं. तात्या म्हणायचे, "आधी एक भुरका मार, मग शिव्या दे." भुरक्यानंतर शिव्या द्यायला तोंड मोकळं नसायचं.

हे ते शिकले जपानात. थट्टा नाही. दुसरं महायुद्ध संपल्यावर इंग्रजांनी त्यांची पलटण तिकडं पहाऱ्याला नेली होती. जळून कोळसा झालेल्या एका शहरात पत्र्याच्या आडोशाला एक बाई असाच रस्सा विकायची. तिथं खायचं नाही, असा वरून हुकूम. तात्या थंडीनं काकडत गेले आणि दोन जपानी हमालांच्या मध्ये बसले. "कशाचा रस्सा हाय ते इचारलं न्हाई बघ. इचारलं असतं तर उपाशी ऱ्हायलो असतो." एवढं सांगून हसायचे. मग हमखास आवाज खाली यायचा. "दुश्मनाचा शिपाई मी, अंगावर वर्दी. पर हमालानं खाल्लेलं वाडगं तिनं इसळलं आन् त्यातच मला दिलं. माझ्यासाटनं येगळं न्हाई काढलं."

म्हणून तात्यांकडे वेगळं वाडगं नव्हतं. यात विशेष ते काय, असं ज्यांना वाटेल त्यांनी आमच्या तालुक्यात यावं आणि हॉटेलांच्या बाहेरच्या भिंती बघाव्यात. अस्पृश्यता कायद्यानं गाडली म्हणे. भिंतीतल्या खिळ्यांना ते कुणी कळवलेलं नाही. खिळ्याला कान तुटलेला कप टांगलेला असतो. किसनसारख्यानं तो स्वतः काढायचा, स्वतः धुवायचा आणि बाहेर उकिडवं बसून चहा प्यायचा.

किसन आमचा, म्हणजे जातीविरुद्ध पत्रकं काढणाऱ्या आम्हा तिघांतला. बौद्ध वस्तीतला, कॉलेजात माझ्याच बाकावरचा, आमच्या पत्रकांची स्टेन्सिलं कापणारा. तिसरा वाईचा मधू, भटाघरचा. तो रस्त्याकडं पाठ करून मटण खायचा. "मधूपंत, लोक पाठ बी वळखत्यात," तात्या म्हणायचे. आम्ही पत्रक दाखवलं की ते चुलीच्या उजेडात वाचायचे आणि निकाल द्यायचे, "मजकूर बरा हाय, पर मीठ लय पडलंय." दुष्काळात गहू दिसेना, तेव्हा रश्श्यात रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरीचे तुकडे पडले. फळी मात्र बंद पडली नाही. किसन एका बाजूला, पाटलाचा गडी दुसऱ्या बाजूला, मध्ये मी. एक फळी होऊ शकते तर सगळा तालुका का होणार नाही, असं आम्हाला तेव्हा खरोखर वाटायचं.

शेवया करायच्या मामी, तात्यांची बायको. पण शेवया एकटीच्या हातानं होत नसतात. उन्हाळ्यात आळीतल्या बाया आज हिच्या अंगणात, उद्या तिच्या, अशा जमतात. एकीनं पीठ तिंबायचं, एकीनं पाटावर वळायचं, दोघींनी काठीवर वाळत घालायचं. दुष्काळ सरल्यावरच्या उन्हाळ्यात मामींच्या अंगणात कुणीच आलं नाही. भांडण नाही, तंबी नाही. आमच्या हातच्या शेवया कुणाकुणाच्या उष्ट्या वाडग्यात जातात, एवढंच कुणीतरी बोललं होतं. दुसरीच्या अंगणातून मामींना बोलावणंही थांबलं. मामींना मूलबाळ नव्हतं. ती आळी हेच त्यांचं गोत.

मी भडकलो. "तात्या, पत्रक काढतो! नावानिशी!"

"कुणावर? त्या बायांवर? तुझी मामी तापानं फणफणली तवा त्यातल्याच एकीनं म्हैनाभर तिची येणी घातलीया. घाल तिचं नाव."

मग आम्ही तिघंच पाटावर बसलो. आमच्या शेवया म्हणजे गांडुळं झाली. मामी डोळ्यांना पदर लावून हसल्या. किसन म्हणाला, "मामी, माझ्या आईचा हात लय बारीक हाय. उद्या घिऊन येऊ?"

मामी हसायच्या थांबल्या. पिठाकडं बघत राहिल्या. मी तात्यांकडं बघितलं. तात्यांनी विझलेली विडी पुन्हा पेटवली. किसननं हाताचं पीठ झटकलं.

त्यानंतर काही दिवसांनी आम्ही खोपटीवर गेलो, तेव्हा बाहेरच्या भिंतीत खिळा होता. खिळ्याला ॲल्युमिनियमचं वाडगं. नवं कोरं.

किसननं ते काढलं, फिरवून बघितलं. "आवं तात्या, त्या जपानी बाईनं तुमाला असलं खिळ्यावरचं दिलं असतं तर?"

तात्यांची पाठ हलली नाही. चुलीकडं बघतच म्हणाले, "तर मी जेवलो नसतो."

"मंग," किसन म्हणाला. वाडगं परत खिळ्याला अडकवलं आणि चालू लागला. मधू त्याच्यामागं गेला.

मी राहिलो, बोलायला. तोंडाला येईल ते बोललो. तात्या ऐकून घेत होते. शेवटी इकडं न वळताच म्हणाले, "मामी रातीची उठून बसती गड्या. त्या खिळ्यापरीस मला ते बघवंना. तू पत्रक काढ. माझं नाव पयलं घाल. मीठ कमी करू नगंस."

मी पत्रक काढलं. नाव पहिलं घातलं. स्टेन्सिल कापायला किसन आला नाही. वाटत फिरताना मी तात्यांच्या अंगणावरून गेलो, तर आळीतल्या सगळ्या बाया जमलेल्या, काठ्यांवर शेवया लोंबत होत्या, आणि मध्ये मामी कुणाच्या तरी बोलण्यावर मोठ्यानं हसत होत्या. पत्रक तिथं टाकायला माझा हात उचलला नाही. कसली क्रांती करतो आम्ही!

त्या पत्रकानं एकही खिळा निघाला नाही. किसन पुढं मुंबईला गेला. मी खोपटीची वाट सोडली. मधू मध्यंतरी जाऊन आला. सांगत होता, रस्सा तोच आहे, फळीवर जागा मिळत नाही. फक्त आता कुणी मुकाट्यानं खाल्लं तरी तात्या काही म्हणत नाहीत.