गाठींच्या पट्ट्या आणि दिल्लीचा अर्ज

नागपूरच्या उत्तरेला, सौंसर गावाच्या बाहेर पत्र्याच्या एका शेडात आमचा कारखाना होता. कापसाची गाठ दाबून झाली की ती फुगून सुटू नये म्हणून तिला लोखंडी पट्ट्या आवळतात. त्या पट्ट्या आम्ही बनवायचो. पोलादाचे रुंद रोल ट्रकने यायचे. ते चिरायचे, ठरल्या लांबीला कापायचे, काळा रंग चढवायचा आणि बंडलं बांधून सरकी काढून गाठी दाबणाऱ्या जिनिंग-प्रेसिंगवाल्यांना धाडायची. चौदा माणसं कामाला होती आणि मी टायपिस्ट. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी तेवीस वर्षांची होते, आणि त्या शेडात बाई मी एकटीच.

खोली शोधताना तीन घरांत आधी आडनाव विचारलं गेलं. तिन्ही ठिकाणी खोली कालच दुसऱ्याला देऊन झाली होती. चौथ्या घरात कोणी काही विचारलं नाही, कारण ते घर आमच्याच लोकांच्या वस्तीच्या टोकाला होतं. संध्याकाळी सहाला कारखान्याचा भोंगा झाला की दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत माझ्याशी बोलणारं कोणी नसायचं. एकटीसाठी भाकरी थापायला बसले तरी पीठ कायम जास्त मळलं जायचं. रविवारी मात्र मी पहिली बस धरून पांढुर्ण्याला जायची. तिथे बाबा होते, माझा थोरला भाऊ होता, वहिनी होती. भाऊ पांढुर्ण्याच्या एका प्रेसिंग कारखान्यात गाठी बांधायच्या कामावर होता. आम्ही बनवलेल्याच पट्ट्या तो गाठींना आवळायचा. याचं मला फार अप्रूप होतं. मी टाइप केलेल्या बिलाबरोबर जो माल जातो, तो माझ्या भावाच्या हातात पडतो, असं मी कितीदा मनात म्हटलं असेल.

एका हंगामात, कापूस ऐन भरात असताना, पांढुर्ण्याची ऑर्डर आलीच नाही. मग सावनेरकडची थांबली. आमचे साहेब नागपूरचे इंजिनिअर. नोकरी सोडून, या मागास जिल्ह्यात सवलत मिळते म्हणून त्यांनी कारखाना टाकला होता. त्यांनी मला बोलावलं.

"तुमचा भाऊ तिथेच आहे ना? विचारा बरं, पट्टी कुठून घेताहेत."

त्या रविवारी मी विचारलं. भाऊ उठला. आत गेला आणि वीतभर लांबीचा पट्टीचा एक तुकडा घेऊन आला. निळसर, चकचकीत.

"मुंबईहून आली. बाहेरच्या देशातली हाये. बोट फिरव कोरेवरून."

मी फिरवलं. कोर काचेसारखी गुळगुळीत होती.

"पाह्यलं? लागलं काही?" त्याचा चेहरा खुलला होता. "आता हे पाह्य." त्याने दोन्ही तळवे माझ्यापुढे धरले. बोटांच्या पेरांवर, अंगठ्याच्या मुळाशी, आडव्यातिडव्या पांढऱ्या रेघा होत्या. काही जुन्या, काहींवर अजून खपली. "तुमची पट्टी म्हंजे करवत होती. दिवसभर आवळा अन् संध्याकाळी हळद भरा."

तीन वर्षं मी दर रविवारी त्या घरात जेवत होते. त्याच हातांनी तो मला बसमध्ये बसवून द्यायचा. मला ते दिसले नव्हते.

"मले कधी सांगतलं नाही तू," मी म्हणाले.

"कायले सांगू? तुहा पगार त्याच्यातूनच येत होता ना."

तो तुकडा मी पिशवीत घालून सौंसरला आणला. साहेबांनी तो आमच्या मिस्त्रींच्या हातात दिला. मिस्त्री रामाकोन्याचे, साठीला टेकलेले. रोज छोट्या लाईनच्या, म्हणजे नॅरोगेजच्या, गाडीने यायचे. कारखान्यातली सगळी यंत्रं त्यांनीच बसवलेली. त्यांनी तुकडा उजेडात धरला, वाकवला, पुन्हा सरळ केला, नखाने कोर खरवडली. मग म्हणाले, "पट्टी चांगली हाये, साहेब. खोटं कायले बोलू."

"चांगली आहेच," साहेब म्हणाले. "पण ज्या भावात ती इथे विकताहेत, त्या भावात मला नुसतं कच्चं पोलादसुद्धा मिळत नाही. त्यांच्या देशात हीच पट्टी याहून महाग आहे. तिथे खपेना, म्हणून इथे आणून ओतताहेत."

त्यांच्या टेबलावर नागपूरहून आणलेलं कायद्याचं एक पुस्तक होतं. बाहेरचा माल त्याच्याच देशातल्या किमतीहून कमी भावात इथे विकला गेला आणि त्यामुळे इथल्या कारखान्यांचं नुकसान झालं, तर सरकार त्या मालावर जादा कर बसवू शकतं, असं त्यात लिहिलेलं होतं. अँटी-डम्पिंग ड्यूटी. हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा टाइप केला. कायदा नवाच होता. असा अर्ज करणारं कोणी आमच्या ओळखीत नव्हतं. साहेब म्हणाले, "आपण करू."

पुढचे पंधरा दिवस ते सांगायचे आणि मी टाइप करायची. चार प्रती, मध्ये कार्बन. त्या अर्जात एक शब्द पानापानावर यायचा. इंजुरी. देशी उद्योगाला झालेली इजा. ती कशी झाली, किती झाली, कधीपासून झाली. टाइप करताना माझ्या डोळ्यांपुढे कारखाना यायचा नाही, भावाचे तळवे यायचे. मग अक्षर चुकायचं आणि चारही प्रतींवर खोडरबर फिरवावं लागायचं.

पुराव्याला परदेशी मालाचं काहीतरी जोडायचं होतं. प्रेसिंगवाल्यांनी पत्र द्यायला साफ नकार दिला. साहेब संकोचत मला म्हणाले, "बंडलावर एक पत्र्याचा बिल्ला असतो. देशाचं नाव, वजन, सगळं त्यावर असतं. तुमच्या भावाला जमलं तर..."

रविवारी जेवायच्या आधी मी भावाला ते सांगितलं. तो ताटावर बसत होता. तो तसाच उभा राहिला.

"हा कर लागला तं काय होईन?"

"बाहेरची पट्टी महाग होईन. मंग लोकं आपली घेतीन."

"आपली म्हंजे तुमची."

"भाऊ..."

"मंग आमी पुन्हा हळद भराची. तू माह्या हातावर कर लावून राहिली, समजलं का तुले?"

"अन् नाही लागला तं आमचा कारखाना बंद होईन. चौदा घरं हायेत. पंधरावी मी."

"आमी प्रेसवर चाळीस जन हावो. आमाले कोनं पुसलं? त्या अर्जात आमचं नाव हाये का कुठी?"

नव्हतं. चार प्रतींत कुठेच नव्हतं. माल वापरणाऱ्याने काय सोसलं, असा रकानाच त्या अर्जात नव्हता. बाबा भिंतीला टेकून बसले होते. ते आमच्याकडे न बघता म्हणाले, "जेवून घ्या दोघंबी." मी जेवले नाही. चप्पल घातली आणि बसस्टँडवर येऊन बसले. सौंसरची बस यायला दोन तास होते. त्या दोन तासांत भाऊ येईल असं वाटत होतं. आला नाही.

त्यानंतरचे रविवार मी खोलीवरच काढू लागले. कपडे धुवायची, वाळायची वाट बघायची, घड्या घालायची. दुपारी शेजारच्या घरातून माणसांच्या बोलण्याचा आवाज यायचा. शब्द कळायचे नाहीत, तरी मी ऐकत राहायची.

एका सोमवारी मी मिस्त्रींना विचारलं, "काका, आपल्या पट्टीची कोर गोल नाही का करता येत?"

त्यांना राग येईल असं वाटलं होतं. त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. "कायले?"

मी भावाच्या हातांबद्दल सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि ते निघून गेले. दुसऱ्या दिवशी भंगारातून जुने बेअरिंग काढून ते घासत बसलेले दिसले. महिनाभर ते कामाचे तास संपल्यावरही गाडीच्या वेळेपर्यंत त्यावर खपत होते. शेवटी त्यांनी दोन छोट्या रुळांची जोडी तयार केली. पट्टी त्यांच्यातून गेली की धार दबून गोल व्हायची. पहिली पट्टी बाहेर आली तेव्हा ती घेऊन ते माझ्या टेबलापाशी आले. "फिरव बोट," म्हणाले. परदेशी पट्टीइतकी गुळगुळीत नव्हती, पण बोट कापत नव्हतं.

त्यांचे स्वतःचे हात मी तेव्हा नीट पाहिले. उजव्या हाताची दोन बोटं नखापासून तुटलेली होती.

साहेबांनी त्या पट्टीचं एक बंडल नमुना म्हणून पांढुर्ण्याच्या प्रेसला पाठवलं. आठ दिवसांनी दुपारी कारखान्याच्या फाटकात माझा भाऊ उभा होता. यापूर्वी तो तिथे कधी आला नव्हता. आत न येता त्याने खिशातून कागदात गुंडाळलेला पत्र्याचा बिल्ला काढून माझ्या हातात दिला.

"तुमची नवी पट्टी आवळली म्या. बरी हाये." मग तो म्हणाला, "पन मालक म्हनतो, भाव नाही परवडत."

"चाल ना आत. चहा घे."

"नाही. कामाची पाळी हाये माही." तो दोन पावलं गेला आणि वळला. "बाबा पुसून राह्यले होते तुले."

बिल्ला जोडून अर्ज रजिस्टर पोस्टाने दिल्लीला गेला. हंगाम संपला, शेतात कापसाची नवी पऱ्हाटी लागली, तरी उत्तर नाही. दरम्यान माणसं एकेक करून कमी झाली. कोणी संत्र्याच्या बागेत कामाला गेलं, कोणी नागपूरला. मिस्त्री सगळ्यांत शेवटी काम सोडून गेले. जायच्या दिवशी त्यांनी सगळ्या यंत्रांना तेल दिलं, वर ताडपत्री टाकली आणि कोपरे सुतळीने बांधले. साहेब नागपूरला परतले. मला म्हणाले, "दिल्लीचं पत्र येईपर्यंत ऑफिस चालू दिसलं पाहिजे. तुम्ही बसाल ना?"

मी बसले. पाच महिने. सकाळी कुलूप काढायची, टेबल पुसायची, टाइपरायटरवरचं झाकण काढून ठेवायची. बंद यंत्रांच्या शेडात किती आवाज असतात ते मला तेव्हा कळलं. ऊन चढलं की पत्रे कडकडायचे, एक चिमणी तुळईवरून ताडपत्रीवर उतरायची, तिच्या नखांचासुद्धा आवाज यायचा. पोस्टमन आठवड्यातून एखाद्या वेळी यायचा. त्याच्याशी मी लागेल त्यापेक्षा जास्त बोलायची. पाणी देऊ का, चहा करू का, तुमची मुलगी कितवीत आहे. त्याला गडबड असायची.

मग दिल्लीचं एक पत्र आलं. त्या देशात ही पट्टी काय भावाने विकली जाते त्याचा पुरावा पाठवा, आणि देशातल्या इतर उत्पादकांचा पाठिंबा जोडा. सौंसरला बसून मी तो भाव कुठून आणणार? तरी साहेबांना फोनवर विचारून मी पत्रं लिहिली. गुजरातला, पंजाबला, कलकत्त्याला. अशी पट्टी बनवणाऱ्या प्रत्येकाला. उत्तर एकाच ठिकाणाहून आलं. पोस्टकार्डावर वाकड्या अक्षरांत हिंदीत लिहिलं होतं की आमचंही तेच झालं आहे, पण आम्ही आता पट्टी सोडून खिळे करतो.

दिल्लीचं शेवटचं पत्र अर्ध्या पानाचं होतं. भाषा सभ्य होती. अर्जदाराचं उत्पादन देशी उत्पादनाच्या मोठ्या हिश्श्याचं नसल्याने आणि पुरेसा पुरावा नसल्याने चौकशी सुरू करता येत नाही. मी ते दोनदा वाचलं. त्यात चुकीचं काही नव्हतं. आम्ही खरोखरच फार लहान होतो. पुढे काही वर्षांनी असे कर बसल्याच्या बातम्या पेपरात येऊ लागल्या. त्या मोठ्या मालांवरच्या आणि मोठ्या कारखान्यांच्या होत्या. त्यांतली एकही मी वाचल्याशिवाय सोडली नाही.

साहेबांना मी फोनवर पत्र वाचून दाखवलं. ते म्हणाले, "बरं. तुम्ही पुष्कळ केलंत." यंत्रं विकायची व्यवस्था त्यांनी आधीच केलेली असावी. मला पांढुर्ण्याला एका शाळेत कारकुनाची जागा मिळाली. भावाच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. आमचं बोलणं सुरू झालं होतं, पण कामापुरतं. बाहेरच्या पट्टीमुळे त्याचे हात बरे झाले होते, आणि त्याबद्दल त्याने मला काही सांगावं, असं आता आमच्यात राहिलं नव्हतं.

सौंसर सोडण्याच्या आदल्या दिवशी मी छोट्या लाईनच्या गाडीने रामाकोन्याला गेले. मिस्त्री एका बागेत संत्री निवडायला बसले होते. मोठी एकीकडे, बारकी दुसरीकडे. मला बघून त्यांनी पोतं झटकून बसायला दिलं.

"काय म्हने दिल्ली?"

मी पत्र त्यांना मराठीत सांगितलं. त्यांनी हातातलं काम थांबवलं नाही.

"त्याईनं आपली पट्टी पाह्यली का? गोल कोरेची?"

"नाही, काका. पट्टी पाठवाचीच नव्हती. कागदच पाठवाचे होते."

"अस्सं." एक संत्रं त्यांनी बराच वेळ हातात फिरवलं. कुठल्या ढिगात टाकावं ते त्यांना ठरवता येत नव्हतं. "पट्टी पाह्यली असती तं समजलं असतं त्याईले."

निघताना त्यांनी माझ्या ओच्यात संत्री घातली. परतीची गाडी उशिरा येणार होती. स्टेशनवर मी सोडून कोणी नव्हतं. ऊन कलेपर्यंत मी बाकावर बसून एकेक संत्रं सोलून खात राहिले, आणि बिया मुठीत धरून ठेवल्या, कारण त्या कुठे टाकाव्यात ते मला सुचत नव्हतं.