पीरमहंमदभाईंचा पाण्यावरचा दिवा

झेंडीगेटपाशी पीरमहंमदभाईंचं कल्हईचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक भाता, एक ऐरण आणि भिंतीला टांगलेले डबे, नरसाळी, कंदिलांचे सांगाडे. भांडं कुणाचंही असो, आधी ते उलटं करतात, बुडाला टिचकी मारतात आणि कान लावून ऐकतात. त्यांची कल्हई आमच्या घरात बारा वर्षं आहे. पण हा माणूस मला कळला तो सेहेचाळीस साली, विजयमालेच्या आजारात.

माझी विजयमाला तेव्हा नऊ वर्षांची. उजव्या खुब्याच्या हाडाला क्षय लागला होता. डॉक्टरांनी पायाला दोरी बांधली, ती भिंतीत ठोकलेल्या कप्पीवरून खाली सोडली आणि टोकाला वाळूची पिशवी अडकवली. म्हणाले, "सहा महिने पाठ टेकून पडायचं. सारखी उठली तर पाय जन्माचा आखूड राहील."

यांची नोकरी राजूरला. घरी मी आणि ती. कप्पीमुळे पलंग मधल्या खोलीतून हलवता येईना, आणि त्या खोलीला खिडकी नाही. तिसऱ्याच दिवशी पोर दोरीची गाठ सोडताना मला सापडली. मी ओरडले, रडले, हात बांधून ठेवीन म्हणाले. त्याचा उपयोग एक दिवस झाला.

त्याच सुमारास कॅम्पातला एक साहेब विलायतेला परत निघाला होता. त्याच्या सामानाच्या लिलावात लोखंडी चौकटीची काचेची पेटी मला मिळाली. नेवाशाच्या मावशींनी प्रवरेतलं पाणगवत ओल्या फडक्यात गुंडाळून पाठवलं आणि घागरीतून बोटाएवढे सहा मासे. पेटी पलंगाशेजारी ठेवली आणि विजयमाला निवली. मान वळवून तासन्‌तास बघत राहायची. दोरीकडे तिचा हात जाईना.

तीन आठवड्यांत गवत पिवळं पडलं, पानं सडली, पाणी गढूळ झालं. कॉलेजात मी वनस्पतिशास्त्र शिकले होते. अंधाऱ्या खोलीत असंच होणार, हे मला आधीच सुचायला हवं होतं. विजेच्या दुकानदाराने पेटीवर बसवायला मुंबईहून मागवायच्या दिव्याची किंमत सांगितली, ती ऐकून मी तशीच पायरी उतरले. घरी विजयमाला म्हणाली, "मासे मेले ना, की मी उठणार."

दुसऱ्या दिवशी मी झेंडीगेटला गेले, पोरीचं दुखणं सांगितलं आणि माशांच्या पेटीसाठी दिवा करून मागितला.

"माशांना दिवा?" पीरमहंमदभाई म्हणाले. "बाई, रातीचे वाचत बसत्यात का काय?"

"माशांना नाही, गवताला. उजेड मिळाला तर गवत जगेल, पाणी चांगलं राहील."

"आन पोरगी?"

"गवत जगलं तर पडून राहील."

त्यांनी हातातलं पातेलं खाली ठेवलं. "चला. बघू द्या मला."

पेटी त्यांनी सुतळीने मापली, पण जास्त वेळ बघत राहिले ते वाळूची पिशवी आणि कप्पीकडे. मग घासलेटचा रिकामा डबा उभा चिरून त्याचं पन्हळासारखं झाकण केलं. आतून पत्रा काळवंडलेला होता. "मेलेला पत्रा हाय. निम्मा उजेड हाच गिळंल," असं म्हणून त्यांनी, मी न सांगताच, आतून कल्हई केली. कडा दुमडल्या, मधोमध बल्ब बसवला. बल्ब आमच्याच स्वयंपाकघरातला. झाकण तुळईला दुसऱ्या कप्पीवर टांगून त्याची दोरी त्यांनी विजयमालेच्या हातात दिली.

"बेटा, ही दोरी तुझी. पायाची डाक्टरसायबाची. ज्यानं त्यानं आपापली वढायची."

"आणि चुकून ती ओढली तर?"

"तर मी तुझी काढून नेईन. दुकानात लई गिऱ्हाईक हाय तिला."

दिवा खाली घेतला की उजेड जास्त, वर घेतला की कमी. दिवसभर तो लावायचा, संध्याकाळी घालवायचा. विजयमाला दोरी सांभाळू लागली. चार दिवसांत गवताला हिरवे शेंडे आले, पानांवर बुडबुडे धरू लागले. मी यांना राजूरला पत्र टाकलं.

पत्र पोचायच्या आत मासे पाण्यावर तोंड काढून धापा टाकू लागले. दोन उलटे झाले. विजयमाला कोपरावर उठून बसली होती, पाय ताणून वाकडा झालेला. "आई, माझ्या दिव्यानं मारले का?" मला वाटलं, पाणी तापलं असेल. काही न सुचून शेजारणीला बसवलं आणि दुकानात धावले.

पीरमहंमदभाई आले. पाण्यात बोट घालून म्हणाले, "तापलेलं न्हाई." मग झाकण उतरवून दुमडलेल्या कडेवरून बोट फिरवलं आणि जिभेला लावलं. त्यांचा चेहरा उतरला.

"नवसागर. कल्हईचा. भांडं असतं तर धुवून दिलं असतं, झाकण म्हनून मी नुसतं पुसलं. दुमडीत राह्यला. संध्याकाळी दिवा घालवला की गार पत्र्याला वाफ धरती, त्याच्याबरोबर थेंब पान्यात, माशांना त्ये जहर. बाई, माझी चूक हाय." आणि पलंगाकडे वळून, "बेटा, तुझी न्हाई. माझी. तू पड."

एवढ्या वयाचा माणूस आपल्याला हे सांगतो आहे, हे तिला कळलं असावं. ती पडली.

त्यांनी स्वतः विहिरीचं पाणी शेंदून पेटी भरली. झाकणाच्या दुमडी उलगडून चिंचेनं घासल्या. फोटोवाल्याकडच्या जुन्या काचा, वरची चित्रं खरवडून, पेटीवर बसवल्या, वरून थेंब पडू नये म्हणून. चार मासे जगले. नंतरचे पाच महिने दर शुक्रवारी नमाजानंतर ते दारात उभे राहून विचारत, "कोनती दोरी वढली आज?" आतून उत्तर येई, "माझीच!"

वाळूची पिशवी काढली त्या दिवशी डॉक्टरांनी दोन्ही पाय फीत लावून मापले. सारखे.

महिनाभर घरात चालून पायात बळ आल्यावर मी पेढे घेऊन तिला झेंडीगेटला नेलं. गटार आलं की मी तिला उचलायची, टांगा दिसला की उचलायची. पीरमहंमदभाईंनी पेढा हातात धरला आणि उकिडवे बसून म्हणाले, "चाल बरं." ती पलीकडच्या भिंतीपर्यंत जाऊन आली. "परत." ती परत गेली. तिसऱ्यांदा त्यांनी डोळे मिटून नुसती पावलं ऐकली.

"दोन्हीकडचा आवाज येकच," ते म्हणाले आणि पेढा तोंडात टाकला. "बाई, आता हिला उचलू नका. घरला चालत जाऊ द्या."

मला भीती वाटत होती. तरी मी तिचा हात सोडला, आणि ती माझ्या पुढे चालू लागली.