मागच्या डब्यांतून कोण बोलतं?

बाबा आमच्यानंतर हसतात, हे लक्षात यायला मला बराच काळ लागला. टीव्हीवर कुणी विनोद केला की आम्ही हसतो, बाबा आमच्या तोंडाकडे पाहतात आणि मग हसतात. ज्या माणसाने कळमन्याच्या बाजारात धान्याचे लिलाव पुकारण्यात आयुष्य काढलं, गर्दीत मागून कुणी भाव पुटपुटला तरी तो बरोबर पकडला, त्याच्यावर ही वेळ! कानाचं मशीन आहे. पण ते घातलं की हॉलमधला कूलर थेट डोक्यात शिरतो म्हणे, म्हणून ते डबीत. आणि मे महिन्यात कूलर बंद ठेवा, असं सांगणारा डॉक्टर नागपुरात टिकायचा नाही.

तेव्हा बाबांना संवाद ऐकू यावेत, त्यांनी आमच्याबरोबर हसावं, म्हणून मी होम थिएटर आणलं.

"मामाजींच्या कानाचं नाव, अन् हौस तुमची," सासऱ्यांच्या खुर्चीकडे पाहत बायको म्हणाली. मी ऐकलं नाही. आमच्या घरात ते खानदानी आहे.

समोर तीन स्पीकर, कोपऱ्यात धमधमणारा सबवूफर, मागच्या भिंतीवर दोन सराउंड स्पीकर आणि या सगळ्यांना हुकूम सोडणारा रिसीव्हर टीव्हीखाली. मागचे दोघे अगदीच एवढेसे. बायकोने त्यांचं नाव ठेवलं, हळद-तिखटाच्या डब्या.

आता हा रिसीव्हर स्पीकरांची परीक्षा स्वतःच घेतो. बाबांच्या खुर्चीवर कानाच्या उंचीला माइक ठेवायचा आणि खोलीत पूर्ण शांतता राखायची. शांतता! मी कूलर तीन नंबरवरून एकवर आणला आणि जाहीर केलं, झाली शांतता. रिसीव्हरने प्रत्येक स्पीकरमधून चित्रविचित्र आवाज काढले आणि पडद्यावर निकाल लावला: मागचे स्पीकर, लार्ज.

"पाहा," मी म्हणालो, "डब्या म्हणत होतीस ना? मशीन लार्ज म्हणतं."

"मशीनले चष्मा लावा."

पण माझी छाती फुगली होती. स्वतःच्या स्पीकरला कोण स्मॉल म्हणेल? मी निकाल मान्य केला; कूलरची घरघर मशीनने डब्यांच्या नावावर मांडली, हे तेव्हा कुठे सुचलं! वास्तविक छोट्या स्पीकरला जड, खालचे आवाज झेपत नाहीत. एक रेघ ठरवून तिच्याखालचे सगळे आवाज सबवूफरकडे वळवायचे असतात. त्या रेघेला क्रॉसओव्हर म्हणतात. लार्ज म्हटलं की रेघच नाही, सगळी पोती त्या दोन डब्यांच्या पाठीवर.

विनोदी सिनेमा लावला. ढोल वाजले आणि डब्या फडफडायला लागल्या. नायकाचा एक शब्द बाबांना ऐकू आला नाही, पण फडफड मात्र बरोबर आली. ते उठून कूलरपाशी गेले.

"काहून गा, पंप खडखड करून राहिला?"

"पंप नाही बाबा, स्पीकर!"

"तेच म्हणून राहिलो मी. पंप."

त्यांनी कूलरचा प्लग काढला. पडद्यावर ढोल चालूच होते.

"बंद केला तरी वाजून राहिला! लयच बिघडला गा हा."

त्या दिवशी सिनेमा आम्ही पाहिला आणि बाबांनी एका धडधाकट कूलरची दुरुस्ती केली.

मग मी अपमान गिळून मेनूत स्मॉल लिहिलं. क्रॉसओव्हर ऐंशीवर ठेवला, फडफड कमी झाली. एकशे वीसवर ठेवला, गेलीच. मला वाटलं, जिंकलो. रोज संध्याकाळी तोच सिनेमा, बाबा खुर्चीत, मी रिमोट घेऊन त्यांच्या पायाशी.

"आता येतं ऐकू?"

"मस्त येते."

"काय म्हणाला तो?"

"तेच, जे मघाशी म्हणत होता."

लिलावातला माणूस. पकडीत येतो थोडाच.

मी आणखी वर गेलो, खाली आलो, पुन्हा वर. शेवटी एकदा सिनेमा चालू असताना बायको स्टुलावर चढून डब्यांवरची धूळ पुसत होती. तिने सहज कान लावला.

"अहो, यांतून तर कोणी बोलतच नाही. नुसता वारा अन् मोटारी."

मीही चढून कान लावला. वारा आणि मोटारी. माणसं बोलत होती ती समोरच्या, टीव्हीखालच्या मधल्या स्पीकरमधून. बाबांना संवाद ऐकवण्यासाठी मी इतके दिवस ज्यांची शिकवणी घेत होतो, ते दोघे जन्माचे मुके होते.

मधल्याचा आवाज चढवला. एवढा चढवला की शेजारच्या काकांनी खिडकीतून विचारलं, "आमचं तिकीट काढलं का गा?" मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी या वेळी मस्त म्हटलं नाही.

"आवाज तर येऊन राहिला," ते म्हणाले. "शब्द नाही येत."

यासाठी मेनूत काही नव्हतं. मी शोधलं.

रविवारी दुपारी मी कूलर बंद केला आणि त्यांना कानाचं मशीन घालायला लावलं. सिनेमा सुरू झाला. मागच्या भिंतीवरून वारा वाहिला, समोरून नायक काहीतरी तिरकं बोलला आणि बाबा हसले. आमच्या आधी! बायकोने माझा हात दाबला. हात घामाने ओला होता. माझा शर्ट खुर्चीला चिकटला होता, तिचे केस मानेला. कुणीही हललं नाही. बाबा पुन्हा हसले, हसता हसता त्यांनी सुनेकडे पाहिलं आणि ते थांबले. मशीन काढून त्यांनी डबीत ठेवलं आणि उठून कूलरचं बटण दाबलं.

"मामाजी, राहू द्या! आम्हाले नाही होत गरम!" ती ओरडली.

"भिजून राहिली तू पोरी. तुम्ही ऐका," बाबा खुर्चीत टेकत म्हणाले. "मी पाहून घेतो."

कूलर तीन नंबरवर घुमू लागला. मी रिमोट घेतला आणि मेनूत उगाचच वर-खाली करत बसलो.