ठेवून घेतलेला मुलगा

२०१४च्या उन्हाळ्यात सासरे तीन महिन्यांसाठी आमच्याकडे जर्मनीत, डार्मश्टाटला आले. बॅगेतून भाजणी, मेतकूट आणि एक जुनी कादंबरी निघाली. कुमारांसाठी लिहिलेली, पुठ्ठा सुटलेली. सात वर्षांच्या नातवाला रोज संध्याकाळी त्यातलं एक प्रकरण वाचून दाखवायचं, असं ते पुण्याहूनच ठरवून आले होते. मराठीही सुधारेल आणि अंगात जिद्दही येईल, असा दुहेरी बेत होता.

गोष्ट आपल्या ओळखीचीच. स्टेशनवर बूटपॉलिश करणारा मुलगा, घरी विधवा आई. एका शेठजींचं सोन्याचं घड्याळ पडतं, मुलगा धावत जाऊन ते परत करतो. शेठजी त्याच्या पाठीवरून हात फिरवतात आणि त्याला आपल्याकडे ठेवून घेतात. मग अंघोळ, नवे कपडे, शाळा आणि शेवटी शेठजींची पेढी.

आमच्या घरात ही नुसती गोष्ट नव्हती, घराण्याचा इतिहास होता. सासऱ्यांनाही लहानपणी खेड्यातून जिल्ह्याच्या गावी एका वकिलांनी असंच ठेवून घेतलं होतं. तिथं शिकून ते मोठे सरकारी इंजिनिअर झाले. ही कादंबरीही वकीलसाहेबांनीच त्यांना दिलेली. पुण्याच्या दिवाणखान्यात साहेबांचा हार घातलेला फोटो आहे. लग्न होऊन घरात आले तेव्हा देवांच्या आधी मला त्या फोटोला नमस्कार करायला लावला होता. मी केला. नवीन सून होते.

मी स्वभावानं संशयी आहे. फार गोड बोलणारा घरमालक असला की करार मी दोनदा वाचते. त्यामुळे स्वयंपाकघरात पोळ्या लाटता लाटता ती प्रकरणं कानावर पडायला लागली, तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली. स्टेशनवर एवढी पोरं, पण शेठजींना दिसतो तो देखणाच मुलगा. मळाखालीसुद्धा त्याचा चेहरा तेजस्वी असतो. शेठजींना बायको नसते, असली तर आजारी असते. आणि मुलगा बंगल्यावर गेला की आईचं पुढे काय झालं हे लेखक विसरूनच जातो. पोराच्या मेहनतीनं काही होतच नाही त्या पुस्तकात. जे होतं ते कुणा बड्या माणसाच्या नजरेत भरल्यामुळे होतं. याला जिद्द म्हणायचं?

नवऱ्याला बोलून दाखवलं. तो म्हणाला, "तुला प्रत्येक गोष्टीत काळंबेरं दिसतं. बाबांसमोर एक शब्द काढू नकोस." मी गप्प बसले, पण पोळ्यांची वेळ मात्र बदलली नाही.

मधे एक प्रकार झाला. इथं शाळा सुटल्यावर मुलं होर्टमध्ये, म्हणजे पाळणाघरासारख्या ठिकाणी, थांबतात. मुलाला न्यायला कोण येणार ते आईबापांनी आधी लिहून द्यावं लागतं. मी सासऱ्यांचं नाव द्यायला विसरले आणि ते हौसेनं एकटेच गेले. बाईंनी मुलाला सोडलं नाही. मी विद्यापीठातल्या कामावरून धावतपळत पोचले, तोवर सासऱ्यांचा पारा चढला होता.

"सख्ख्या आजोबाला पोरगं देत नाहीत! मी काय चोर वाटलो त्यांना?"

"अहो बाबा, सगळ्यांनाच तो नियम आहे. माझंच चुकलं."

"नियम! माणसावर विश्वास नावाची गोष्टच नाही या देशात."

मी लगेच त्यांचं नाव देऊन आले, पण ते दोन दिवस घुश्शातच होते. तिसऱ्या दिवशी वाचन पुन्हा सुरू झालं. जेवायची वेळ होत आली तरी बाहेर लख्ख उजेड होता, समोरच्या बाल्कन्यांना फुटबॉलचे झेंडे लटकत होते. सासरे रंगून वाचत होते, आवाज भरून आला होता. पाठीवरून हात फिरवला, ठेवून घेतलं, तेच पान.

मुलाला मराठी सगळं कळतं, बोलतो मात्र जर्मन. त्यानं मधेच विचारलं, "बेहाल्टन? वी आइनेन शिर्म?"

सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"ठेवून घेतलं म्हणजे छत्री ठेवून घेतात तसं का, असं विचारतोय," मी म्हणाले.

त्याचं म्हणणं सरळ होतं. सापडलेली वस्तू फुंडब्युरोत, म्हणजे हरवल्या-सापडल्याच्या कचेरीत, द्यायची. तिथं ती ठेवून घेतात. मग कुणीतरी येऊन घेऊन जातं. घड्याळ न्यायला शेठजी होते. आणि मुलाला?

"हाट इन काइनर आबगेहोल्ट?"

हे मी मराठीत सांगायला नको होतं, पण तोंडातून निघून गेलं. "त्याला न्यायला कुणीच आलं नाही का?"

सासऱ्यांचं बोट ओळीवर तसंच राहिलं. मग पुस्तक मिटून ते म्हणाले, "आज डोळे दुखताहेत रे," आणि आपल्या खोलीत गेले. मुलगा खेळायला पळाला. माझा संशय इतके दिवस पुस्तकावरच होता. तो फोटोवर जाईल असं मला वाटलं नव्हतं, किंवा मी तो जाऊ दिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी होर्टला जाताना ते म्हणाले, "चल, तूही ये बरोबर." पोचलो तेव्हा दार उघडायला अवकाश होता. कुंपणाला टेकून ते उभे राहिले.

"आई आली होती एकदा मला न्यायला," ते म्हणाले. आवाज अगदी नेहमीचा, हवापाण्याबद्दल बोलावं तसा. "मीच निरोप धाडला होता. इथं नाही राहायचं म्हणून. तिनं कारण विचारलं. मी सांगितलं."

विचारायला काही उरलंच नव्हतं. मला त्या क्षणी वकीलसाहेबांचा भयंकर राग आला. आणि त्या फोटोपुढे मी वाकले होते, याची किळस आली.

"घरात धाकटी चार होती. साहेबांनी तिला जेवू घातलं, लुगडं दिलं. सगळे मला म्हणत होते, नशीब काढलंस. ती म्हणाली, शीक हो नीट. आणि लुगडं घेऊन गेली."

"बाबा..."

"राहू दे. तुझ्या नवऱ्याला सांगू नकोस."

आतून पोरांचा गलका ऐकू आला. बाईंनी दार उघडलं, सासऱ्यांना ओळखलं, तरीही नाव विचारलं. त्यांनी न चिडता, सावकाश, स्पष्ट सांगितलं. बाईंनी हसून मान हलवली आणि मुलाला हाक मारली.

तो बूट घालेपर्यंत सासरे त्या दाराकडे बघत होते.

"आई गेल्यावर तिची ट्रंक उघडली," ते म्हणाले. "लुगडं तळाशी होतं. घडीसुद्धा मोडली नव्हती तिनं."