लेगहॉर्नचा उच्चार

आमच्या घरी पांढऱ्या कोंबड्या आल्या त्या सरकारी ब्लॉकच्या कोंबडीपालन योजनेतून. बेटेगावात तोवर सगळ्यांकडे गावठीच. या परदेशी, पांढऱ्याशुभ्र, तुरा एका बाजूला कललेला. योजनेच्या माणसाने जातीचं नाव सांगितलं, ते आईच्या कानात 'लेगन' असं शिरलं. "आमची लेगन गावठीसारखी नाय, रोज अंडा देते," असं ती शेजारणींना ऐकवायची. पिल्लांच्या खोक्यावर ते नाव इंग्रजीत छापलेलं होतं. मी ते एकेक अक्षर लावून वाचलं होतं, म्हणून त्याचं स्पेलिंग मला पाठ झालं होतं.

पालघरच्या शाळेतून मी नुकतीच मॅट्रिक झाले होते. तारापूरकडे अणुवीज केंद्राचं बांधकाम जोरात होतं. बोईसरला रोज नवे लोक उतरत, साहेब, मेमसाहेब, फिटर, सुतार. त्यातल्या एका कंत्राटदाराच्या बायकोने आपल्या बंगल्याच्या पडवीत साहेबलोकांच्या मुलांसाठी इंग्रजी वर्ग काढला. लहान मुलांना शिकवायला एक मुलगी हवी, अशी बातमी वडिलांनी कामावरून आणली. आईने तिचं लग्नातलं लुगडं मला नेसायला दिलं.

बाईंनी मला खुर्ची दिली. शेजारी मुंबईहून आलेले त्यांचे भाऊ पाय पसरून बसले होते. चार प्रश्न झाले, मी धड उत्तरं दिली. मग बाईंनी एक पुस्तक हातात ठेवलं. "वाच. मोठ्याने."

गोष्ट एका जहाजाची होती. पहिलं वाक्य मी न अडखळता वाचलं. दुसऱ्यात जहाज ज्या बंदरातून निघतं त्याचं नाव होतं, खोक्यावरच्याच स्पेलिंगचं, आणि ते पाहून मला धीर आला. एवढ्या अवघड पानावर ओळखीचं कुणीतरी भेटलं होतं. मी खणखणीत वाचलं, "लेगन."

"काय?" बाईंचे भाऊ सरसावून बसले.

"लेगन," मी पुन्हा म्हटलं. "आमच्याकडे आहेत."

"आहेत? तुमच्याकडे बंदरं आहेत?"

"नाही, कोंबड्या."

ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. "म्हणजे जहाज कोंबडीतून निघालं का गं?" बाईही पदर तोंडाला लावून हसल्या. मग डोळे पुसत म्हणाल्या, "अगं, इटलीतलं शहर आहे ते. ले-घॉर्न. लेगन काय?" त्यांनी माझ्याकडून 'लेघॉर्न' तीनदा म्हणवून घेतलं. मी म्हटलं. पुढचं पान मी कसं वाचलं ते मला आठवत नाही.

निघताना त्या म्हणाल्या, "वर्गाचं कळवू. पण अंडी ताजी असतात ना तुमची? आठवड्याला आणत जा."

वर्गावर मुंबईची एक मुलगी आली. मी अंडी नेऊ लागले. पडवीत मुलं कविता म्हणत असायची, मी मागच्या दाराने स्वयंपाकघरात टोपली ठेवायची. आईला मी हसण्याचं सांगितलं नव्हतं. फक्त "तिथे नको पाठवू मला" म्हणाले, तर ती म्हणाली, "अंडी फुकट जातील ना गो. काय केला त्यांनी तुला?" मी टोपली भरली. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा गेले.

एकदा तिथे एका अमेरिकन इंजिनियरची बायको आली होती. उंच, उन्हाने नाक सोललेली. तिने टोपलीतलं एक अंडं उचलून उजेडात धरलं आणि मला विचारलं, "लेगर्न?" बाईंचा 'घॉर्न' तिने जवळजवळ गिळलाच. माझ्या आईचाच शब्द होता तो, थोडासा गोरा झालेला.

मी बाईंकडे पाहिलं. वाटलं, आता तरी त्यांना आठवेल, त्या निदान खाली बघतील. त्यांच्या चेहऱ्यावरची रेघसुद्धा हलली नाही. "येस, येस, लेगर्न," त्या हसून म्हणाल्या, अगदी तस्सं, जणू जन्मभर तसंच म्हणत आल्या होत्या. मग माझ्याकडे वळल्या. "मॅडमना पण लागतील. पुढच्या वेळी जास्त आण."

पावसाळ्यानंतर कोंबड्यांवर मानमोडीचा रोग आला आणि दोन दिवसांत खुराडं रिकामं झालं. आई रडत पिसं गोळा करत होती. मला मात्र सुटल्यासारखं वाटलं, आणि तसं वाटल्याचा रागही आला.

पुढे शिक्षिकेच्या ट्रेनिंगला गेले तेव्हा तिथल्या मोठ्या नकाशात मी ते शहर शोधलं. लेघॉर्न नाही, लेगर्न नाही. तिथे लिव्होर्नो लिहिलं होतं. आमच्या भूगोलाच्या सरांना विचारलं, तर ते म्हणाले, "गावाचं खरं नाव हेच. इंग्रजांनी त्याचं लेगहॉर्न करून टाकलं. तिथून आलेल्या कोंबड्यांनाही तेच नाव पडलं." सर सहज बोलून फळ्याकडे वळले. एका अख्ख्या शहराचं नाव इंग्रजांनी आपल्या जिभेच्या सोयीने मोडलं, ते पुस्तकात छापलं गेलं. माझ्या आईने तेच केलं, तर जहाज कोंबडीतून निघालं.

मी जन्मभर मराठी शाळेत शिकवलं, आणि चांगलं शिकवलं. इंग्रजी मला समजतं, वर्तमानपत्रही मी वाचते, मनातल्या मनात. पण कुणी चारचौघांत इंग्रजी कागद पुढे करून "जरा वाचता का?" म्हटलं, की मी तो शेजारच्या माणसाकडे सरकवते. चष्मा घरी राहिला, असं सांगते.