रविवारच्या कळ्या

रविवारी पहाटे आख्खा पाडा मोगऱ्यात वाकलेला असायचा, आणि आमचा डोसा धुतलेला शर्ट घालून ओट्यावर पायाची नखं कापत बसायचा. डोसा म्हणजे म्हातारा, माझा नवरा. नाव नाही घेत मी त्याचं. लोक त्याला रविवाऱ्या बोलायचे.

मोगऱ्याचं कसं आहे, कळी मिटलेली असताना तोडायची, ऊन चढायच्या आत. ती जीपने जव्हारला जाते, तिथनं मुंबईच्या बाजारात. एक दिवस चुकवला की संध्याकाळी फूल उमलतं, मग कोण घेत नाही. झाड काय वार बघत नाही. पण ह्याने रविवार धरलेला. बोलायचा, "सहा दिवस मोगरा आपला. सातव्या दिवशी झाडाला कळू दे, मालक दुसरा आहे."

"मग त्या मालकाला सांग, घरावर पत्रे आणून टाक," मी बोलायची.

घर गळायचं ना. कौलं फुटलेली, वर प्लास्टिक, प्लास्टिकवर दगड. वीटभट्टीवर जन्म गेला आमचा. उन्हाळाभर दुसऱ्याच्या घराच्या विटा पाडायच्या, आणि पावसात आपल्या घरात पाण्याखाली टोपं मांडायची. मोगरा लावला तेव्हा ओहोळावरून हंडे आणून झाडं जगवली मी. वाटलं, आता पत्रे येतील. एवढंच मागणं होतं माझं. सोनं नाही मागितलं.

आमची पोरगी तापाने गेली, तेव्हा येशूच्या प्रार्थनेवाली माणसं आली होती. ओट्यावर बसून राहिली, आमच्याबरोबर पेज प्यायली. तेव्हापासून हा तिकडे जायला लागला, मागोमाग मी. देवबापाशी माझं भांडण नाही. अहो, पाळकसुद्धा बोलले ह्याला, "काका, पहाटे तोडा आणि मग प्रार्थनेला या. देव रागावणार नाही."

तर हा हसला. "देव नाही रागावणार, पाळकसाहेब. मीच लालची. एक रविवार तोडला की मला सगळे वार पैशाचेच दिसतील."

बरं, नुसतं सोडून दिलं असतं तरी मी गप्प बसले असते. ह्याने जानकीला बोलावलं. जानकी शेजारची, नवरा मेलेला, जमीन नाही, प्रार्थनेला पण येत नाही. "तुला झाड नाही, मग रविवार तुझा," असं तिला बोलून आला. ती यायची, मी पाणी घातलेल्या झाडांच्या कळ्या तोडायची आणि माझ्यासमोरून टोपली घेऊन जीपला जायची. वर मला विचारायची, "वयनी, चहा झाला का?"

एका पाडव्याच्या आधी भाव चढला. त्या रविवारी मी डोक्याला फडकं बांधलं, टोपली घेतली आणि ह्याच्या नाकासमोरून गेले. जानकी आली तिला बोलले, "आज मी आहे, तू जा." गेली बिचारी. पैसे आले ते लुगड्याच्या पदराला गाठ मारून ठेवले. संध्याकाळी हा बोलला, "दे." ओरडला नाही, काही नाही. आणि मी दिले! ते ह्याने नेऊन जानकीच्या हातात ठेवले. परत येऊन मलाच शिकवतो, "पैसा वाईट नाही ग. पण मुठीत घट्ट धरला की तो हात दुसऱ्या कामाचा राहत नाही."

"माझा हात तुझी भांडी घासायच्या कामाचा आहे तेवढा," मी बोलले आणि भाकर आपटून वाढली. त्याने ती पण मिटक्या मारत खाल्ली.

मागच्या पावसात त्याची छाती भरली. खाट ह्या कोपऱ्यातनं त्या कोपऱ्यात सरकवायची, पाणी मागे मागे यायचं. मी विचारलं, "आता तरी बोल. पत्रे घेतले असते तर?"

"बरं झालं असतं," तो बोलला.

मला वाटलं, चला, कबूल तर झाला. "मग?"

"मग काय. जानकीचं पण गळतंय."

मी बाहेर जाऊन कोंबड्यांवर ओरडून आले. काय बोलायचं असल्या माणसाला! पाऊस उघडायच्या आत गेला तो.

ह्या वर्षी मोगरा माझा. मी रविवारी तोडते. पत्रे आणले, ठोकून घेतले. देवाने काही शिक्षा केली नाही, प्रार्थनेत कोण काही बोललं नाही. आता घर सुकं राहील. कोणावर चिडायचं तेच कळत नाही.

पण जानकी. पहिल्या रविवारी कमरेला टोपली लावून आली आणि कुंपणाशी थांबली. मी मान वर केली नाही. तिनेही काही मागितलं नाही. "येते, वयनी," बोलून गेली. पुढच्या रविवारी परत तशीच उभी. त्याच्या पुढच्या पण. मेला तो मेला, आणि ही बाई माझ्या कुंपणाशी उभी करून गेला. जिवंत असता तर चार शिव्या तरी घातल्या असत्या त्याला.

मागच्या रविवारी शेवटी तिच्यावरच ओरडले, "खांबासारखी उभी काय राहतेस? ती कडेची ओळ घे. एकच. दुसऱ्या ओळीला हात लावलास तर बघ!"

सगळं सोडायला मी काय तो आहे?