नंबर खांबाला, नाव दाराला

ॲम्ब्युलन्स अगदी बरोबर पत्त्यावर पोहोचली होती. फक्त तिथे घर नव्हतं.

मी डार्लीनच्या खुर्चीमागे उभी होते. डार्लीन ही त्या काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, 911 केंद्राची प्रमुख. 911 हा अमेरिकेतला आणीबाणीचा फोन नंबर; पोलीस, आगीचा बंब, ॲम्ब्युलन्स, सगळं त्यावरच. तिच्या स्क्रीनवरचा नकाशा आमच्या कंपनीचा होता आणि त्यावरचे पत्ते मी पाडलेले होते. फोनवर कायला नावाची बाई रडत सांगत होती की तिच्या सहा वर्षांच्या मुलीला, एमाला, श्वास घेता येत नाहीये. दम्याचा ॲटॅक. पत्ता तिने न अडखळता सांगितला होता. आणि इकडे रेडिओवर ॲम्ब्युलन्सवाला म्हणत होता, "डार्लीन, इथे कोणीच नाही. मोकळी जमीन आहे आणि पाइपांचा ढीग आहे."

डार्लीनने माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. "हनी, तुला आजूबाजूला काय दिसतंय ते सांग," ती फोनवर म्हणाली.

"फ्लेअर. आणि दोन लाल टाक्या."

फ्लेअर म्हणजे तेलविहिरीवरचा जास्तीचा गॅस जाळून टाकतात ती उंच ज्वाळा. त्या भागात कुठूनही मान वर करा, एक फ्लेअर आणि दोन टाक्या दिसतातच.

"दारात गाडी आहे?"

"ट्रक आहे."

"एमाला घेऊन ट्रकमध्ये बस. हॉर्न दाब आणि हात उचलू नकोस." मग रेडिओवर, "सायरन बंद करा. काचा खाली घ्या. ऐका."

आपलाच सायरन बंद करून ॲम्ब्युलन्स एका हॉर्नच्या आवाजामागे गेली आणि एमापर्यंत पोहोचली. ऑक्सिजन लागला. मुलगी वाचली. डार्लीनने हेडसेट काढला, ती ग्लासभर पाणी प्यायली आणि मग कुठे मला म्हणाली, "आता सांग मिनल, तुझा नकाशा काय म्हणतो?"

नकाशा काय म्हणणार! तो अजूनही पाइपांच्या ढिगावरच घर दाखवत होता.

मी मूळची नागपूरची. टेक्ससमधल्या प्लेनो शहरात एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करते. ज्या गावांना पत्ते नाहीत त्यांना पत्ते द्यायचे, हे आमच्या टीमचं काम. लोकांना वाटतं, हल्ली फोनवरून जागा कळते, मग पत्ता कशाला हवा? शहरात कळते. पश्चिम टेक्ससमध्ये मोबाइलचे टॉवर इतके लांब लांब आहेत की फोन फक्त एवढंच सांगतो, माणूस या मोठ्या वर्तुळात कुठेतरी आहे. त्या वर्तुळात शंभर चाकांवरची घरं असतात.

चाकांवरची घरं हीच कायलाच्या गावाची गंमत. त्याच्या दोन-तीन वर्षं आधी तिथे एक पेट्रोल पंप, एक चर्च आणि बंद पडलेला कापसाचा जिनिंग कारखाना, एवढाच पसारा होता. मग तेल सापडलं. म्हणजे तेल होतंच, ते काढायची नवी पद्धत सापडली. लुइझियाना, ओक्लाहोमा, मेक्सिको, कुठून कुठून माणसं आली ती आपलं घर गाडीला जोडूनच आली. या घराला इथे आरव्ही म्हणतात. आत स्वयंपाकघर, बेड, बाथरूम सगळं असतं. गुरं पाळणाऱ्या रँचवाल्यांनी कुरणं आखून भाड्याने दिली, वीज कंपनीने जागोजाग मीटरचे खांब ठोकले आणि लोकांनी त्या खांबांशेजारी घरं लावून वायरी जोडल्या. झालं गाव.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा नाक मुरडलं होतं. सगळीकडे पांढरी धूळ, दिवसभर टँकर. आठवड्याभरात माझं मत साफ बदललं. तिथे नगरपालिका नव्हती, पण कपडे धुवायच्या लाँड्रोमॅटमध्ये एक फळा होता आणि सगळं गाव त्या फळ्यावर चालत होतं. कोणाच्या घरी बाळ झालं, कोणाला उद्या शहरात दवाखान्यात जायचंय, कोणाकडे जादा हीटर आहे. शाळेच्या खोल्या कमी पडल्या तेव्हा तेलकामगारांनीच सुट्टीच्या दिवशी पत्र्याचे वर्ग उभे केले. एक न्हावीण ट्रेलरमध्ये दुकान मांडून बसली होती आणि नवीन आलेल्याचा पहिला कट फुकट करायची, का तर इंटरव्ह्यूला माणूस नीट दिसला पाहिजे. एकमेकांना ओळखत नसलेली इतकी माणसं कोणी न सांगता गाव करायला लागतात, हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते. मला त्या लोकांचं मनापासून कौतुक वाटायला लागलं.

मी त्यांना पत्ते दिले. पद्धत सोपी असते. प्रत्येक कच्च्या वाटेला नाव द्यायचं, वाट सुरू होते तिथपासून घर किती लांब आहे त्यावरून नंबर काढायचा. मग नंबरची हिरवी पाटी द्यायची. आमच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलं होतं, पाटी घराच्या दर्शनी भागावर स्क्रूने बसवावी. लोकांनी बसवली. आणि घर हललं तेव्हा पाटी घराबरोबर गेली.

कायलाचं हेच झालं होतं. तिच्या जुन्या जागेवर मालकाने पाइपांचं गोदाम केलं. ती आणि तिचा नवरा ट्रॅव्हिस आरव्ही ओढून चार वाटा पलीकडे गेले. पाटी दाराशेजारी होती तिथेच होती. घाबरलेल्या बाईने दारावरचा नंबर वाचला, यात तिचं काय चुकलं?

मी बॉसला, ग्रेगला, फोन केला.

"डेटा करेक्ट आहे ना?" त्याने विचारलं.

"करेक्ट आहे."

"मग युजर चुकलेत."

"ग्रेग, युजर चुकले असतील, पण ॲम्ब्युलन्स आपल्यामुळे चुकली."

"मिनल, कंपनीचा रोल डेटापुरता आहे. रिपोर्ट सबमिट कर आणि परत ये."

हा माणूस कधी कुठल्या गावाला गेलेला नाही. त्याला पाटी म्हणजे एक्सेलमधली ओळ.

त्याच संध्याकाळी काउंटी जजचा निरोप आला. इथला काउंटी जज म्हणजे आपल्याकडच्या जिल्हा परिषदेच्या अध्यक्षासारखा समजा. कारभार त्याच्या हातात. पुन्हा असा घोळ नको म्हणून त्याने ठरवलं होतं की चाकांवरच्या घरांचे पत्ते रद्द करायचे. कुरणाच्या फाटकाला एकच पत्ता राहील. ॲम्ब्युलन्स फाटकापर्यंत येईल, पुढे ज्याचं त्याने पाहावं. शुक्रवारच्या मीटिंगमध्ये मंजुरी.

फाटकापासून कायलाच्या घरापर्यंत दोन मैल आडव्या-तिडव्या वाटा होत्या.

मी दुसऱ्या दिवशी पाट्या बघत फिरले. जवळपास निम्म्या जागच्या हललेल्या. एकाने नंबर पिकअपच्या डॅशबोर्डवर ठेवला होता. एकाच्या दारावर जुना आणि नवा असे दोन्ही नंबर होते. मी विचारलं तर म्हणाला, "मॅम, दोन्ही माझेच आहेत." एका म्हाताऱ्याने पाटी पलंगाच्या वर, देवाच्या तसबिरीसारखी टांगली होती. मला हसू येत होतं आणि रडूही.

शेवटी कायलाकडे गेले. एमा पायरीवर बसून चित्रं रंगवत होती. कायला माझ्यावर चिडेल असं वाटलं होतं, पण ती स्वतःवरच चिडली होती.

"मी पाटी काढायला नको होती," ती म्हणाली.

"मग का नेलीत?"

"आम्ही चार गावं फिरलो. कुठेच कोणी म्हणालं नाही की तुम्ही इथे राहता. सगळे विचारायचे, किती दिवस आहात? या पाटीवर पहिल्यांदा लिहून आलं. ती मागे कशी टाकायची?" मग हळू आवाजात म्हणाली, "शुक्रवारी पत्ते रद्द झाले तर आम्ही जाणार. ट्रॅव्हिसचं काम चांगलं आहे इथे. पण जिथे ॲम्ब्युलन्स फाटकाशी थांबते तिथे एमाला मी ठेवणार नाही."

परत जाताना मला बाबा आठवले. त्यांची बदलीची नोकरी. दर तीन-चार वर्षांनी बिऱ्हाड हलायचं. सगळं सामान ट्रकमध्ये चढलं की बाबा शेवटी दारावरची पितळी पाटी काढायचे, वर्तमानपत्रात गुंडाळायचे आणि हातात घेऊन यायचे. ट्रकमध्ये कधी टाकली नाही. नव्या घरात चूल पेटायच्या आधी ती पाटी लागायची. पण चौकटीवर नगरपालिकेने रंगवलेला घर नंबर? तो खरवडून न्यावा असं आमच्या घरात कोणाच्या स्वप्नातही आलं नाही.

मी गाडी बाजूला घेतली. आम्ही या लोकांना दोन कामांसाठी एकच पाटी दिली होती. नंबर जागेचा असतो आणि नाव माणसाचं. त्यांना नाव हवं होतं, आमच्याकडे फक्त नंबर होता, म्हणून त्यांनी नंबरच उराशी धरला. आणि तो नंबर कुठे लावायचा हे तर डोळ्यांसमोर होतं. घरं जातात, मीटरचा खांब जागेवरच राहतो.

उलट वळून कायलाकडे गेले. ट्रॅव्हिस कामावरून आला होता. तो वेल्डर, पाइपलाइनवर काम करायचा. मी विचारलं, "पत्र्यातून लोकांची नावं कापता येतील?"

"स्क्रॅपचा डोंगर पडलाय यार्डात," तो म्हणाला. "किती हवीत?"

"गावाला पुरतील इतकी."

त्याने एमाकडे पाहिलं आणि हातमोजे परत चढवले.

शुक्रवारी मीटिंग चर्चच्या हॉलमध्ये भरली, कारण काउंटीच्या ऑफिसात एवढे लोक मावत नव्हते. मी नकाशा लावला आणि म्हणाले, नंबर खांबाला लावू, स्टीलच्या पट्टीने आवळून. घराला फक्त नाव.

"लोक पट्टी कापतील," जज म्हणाला. "इथे प्रत्येकाकडे कटर आहे."

"कापणारच नाहीत, कारण न्यायला त्यांच्याकडे दुसरी पाटी असेल."

"सरकारने लोकांची नावं कापत बसायचं?"

"सरकारने नाही," मागून ट्रॅव्हिस म्हणाला. "मी."

हॉलमध्ये हसू फुटलं. जज हसला नाही. त्याने डार्लीनला विचारलं, "तुझं काय मत?"

डार्लीन उभी राहिली. "परवा मी एक पोर हॉर्नवर शोधलं," ती म्हणाली. "पुन्हा शोधायची माझी तयारी नाही. फाटकावरचा पत्ता म्हणजे मला रोज हॉर्न शोधायला लावणं. खांबाचं करून बघू."

मग कायला पुढे आली. तिने पिशवीतून हिरवी पाटी काढली. तिने ती घासून पुसून लख्ख केली होती. टेबलावर ठेवताना तिचा हात क्षणभर पाटीवरच राहिला. "हा नंबर त्या जागेचा आहे," ती म्हणाली. "परत करते. पण आमचं नाव जरा मोठं काढा."

माझ्या डोळ्यांना पाणी आलं. मी प्रोजेक्टरची वायर तपासत असल्याचं नाटक केलं.

ठराव पास झाला. त्यानंतरचे दोन आठवडे ट्रॅव्हिस आणि त्याचे मित्र शिफ्ट संपली की नावं कापत होते. लोक रांग लावून यायचे. कोणाला आडनाव, कोणाला कुत्र्यासकट सगळ्यांची नावं. त्या म्हाताऱ्याने वारलेल्या बायकोचं नाव कापून घेतलं आणि दारावर लावलं. पलंगावरचा नंबर मी स्वतः त्याच्या खांबाला आवळला.

पाच महिन्यांनी डार्लीनचा फोन आला. एमाला पुन्हा ॲटॅक आला होता. मधल्या काळात कायलाने परत जागा बदलली होती, पण या वेळी तिने दारातून खांबाकडे पाहून नंबर वाचला. ॲम्ब्युलन्स सरळ तिच्या दारात. "सायरन चालूच होता," डार्लीन म्हणाली. तिच्या आवाजावरून कळत होतं की ती हसते आहे.

आता तिथे डांबरी रस्ते आहेत, छोटा दवाखाना आहे आणि कायला-ट्रॅव्हिसचं पक्कं घर आहे. आमच्या मॅन्युअलमध्येही एक नवीन ओळ आली, की हलत्या घरांचा नंबर विजेच्या खांबाला लावावा. ग्रेग ती आपलीच कल्पना म्हणून क्लायंटना सांगतो. नावाच्या पाटीचा मॅन्युअलमध्ये उल्लेख नाही. त्यामुळे दुसऱ्या एका गावात नुसता खांबाला नंबर लावला, तर लोकांनी पट्ट्या कापून नंबर नेले. नकाशा कितीही अचूक काढा, माणसाला काय जवळ बाळगायचंय हे विचारलं नाही तर तो महिन्याभरात खोटा पडतो.

कायलाच्या गावातून निघताना ट्रॅव्हिसने माझंही नाव विचारलं होतं. मी कागदावर मोठ्या अक्षरात 'काळे' लिहून दिलं, मराठीत. त्याने कागद उभा-आडवा करून पाहिला.

"हे फारच सोपं आहे," तो म्हणाला. "इंग्लिश अक्षरं सुटी सुटी पडतात, मागून पट्टी जोडावी लागते. तुमची आधीच एका रॉडला टांगलेली आहेत. कोणा वेल्डरनेच काढलेली दिसतात."

ती पाटी मी प्लेनोच्या घराबाहेर लावली. आठवड्यात सोसायटीची ईमेल आली, बाहेरच्या भिंतीवर नावाची पाटी चालणार नाही. नंबर मात्र ठरलेल्या साइजचा असलाच पाहिजे. म्हणून ती आता आत आहे, चपलांच्या रॅकच्या वर. उद्या हे घर सोडलं तर नंबर इथेच राहील. पाटी वर्तमानपत्रात गुंडाळून मी हातात घेऊन जाईन. ट्रकमध्ये टाकणार नाही.